मुंबईहून जर्मनीला चाललात? मग पहिला महिना असा काढा

आमच्या मुलुंडमध्ये हल्ली दर दुसऱ्या बिल्डिंगमधलं कोणीतरी जर्मनीला चाललेलं असतं, कोणी मास्टर्सला, कोणी गाड्यांच्या कंपनीत, कोणाचा नवरा आधीच गेलाय आणि आता ही बाळाला घेऊन निघालीय. मी स्टुटगार्टला राहून आलेली, त्यामुळे फोन मलाच येतात. सगळ्यांना तेच तेच सांगून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकतेय, ज्याला हवं त्याला फॉरवर्ड करा. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८पासून ट्विन सिटी आहेत बरं का, पण रोजच्या जगण्यात त्याचा काडीचा उपयोग नाही, उतरल्यावर कोणी हार घेऊन उभं नसतं.

एक गोष्ट मात्र डोक्यात फिट करूनच विमानात बसा. मुंबईत आपलं काम माणसाकडून होतं. वॉचमन, ब्रोकर, वाणी, शेजारच्या काकू, कोणीतरी सांगतं, कोणीतरी करून देतं. तिकडे काम कागदावर चालतं. सगळं कुठे ना कुठे लिहिलेलं असतं, जिन्यात, कचऱ्याच्या डब्यावर, भाड्याच्या ॲग्रीमेंटमध्ये, आणि ते तुम्ही वाचलंय असं समोरचा धरूनच चालतो. आपणहून सांगायला कोणी येत नाही. तुसडेपणा नाही तो, विचारलंत तर उभं राहून नीट समजावतात, पण विचारायचं तुम्ही.

पायरी १: बॅग भरताना

आईला आधीच सांगा, साजूक तूप नाही, पेढे नाहीत, श्रीखंड, खवा, बासुंदी काही नाही. युरोपियन युनियनच्या बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत न्यायला बंदी आहे, कस्टमवाल्याने पकडलं तर डबा तिथेच कचऱ्यात, वर दंडही होऊ शकतो. म्हणजे सुकटीची पिशवीही नको, सोडे-बोंबील प्रकरणात मासळीचे नियम वेगळे असले तरी एअरपोर्टवर उभं राहून जवळा म्हणजे काय हे समजावत बसण्यात काही अर्थ नाही. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, आंबे हेसुद्धा सर्टिफिकेटशिवाय चालत नाहीत. नारळ चालतो, गंमत आहे, नारळ, केळी, अननस, खजूर यांना सूट आहे. बाकी गोडा मसाला, मेतकूट, कोकम, भाजणी, चिवडा, लोणचं बिनधास्त न्या, फक्त लोणच्याची बरणी चार पिशव्यांत गुंडाळा.

कुकर न्यायचा असेल तर तळ बघून घ्या. तिकडे गॅस फार कमी घरांत असतो, काचेची इलेक्ट्रिक शेगडी नाहीतर इंडक्शन, आणि इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर गरमच होत नाही. चुंबक चिकटतो का बघा, चिकटला तर घ्या. मिक्सर आपलाच चालतो, करंट सारखाच आहे, फक्त आपली जाडी तीन पिनांची प्लग तिकडच्या गोल सॉकेटमध्ये जात नाही, ॲडाप्टर दोन-तीन घेऊन ठेवा, क्रॉफर्ड मार्केटला स्वस्त मिळतात.

जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, डिग्री, सगळं ओरिजिनल हँडबॅगेत. सामानात नाही, हँडबॅगेत.

पायरी २: उतरल्यावर

मुंबईहून थेट फ्लाईट बहुतेक फ्रँकफर्टला उतरते, तिथे एअरपोर्टच्या पोटातच लांबच्या गाड्यांचं स्टेशन आहे आणि स्टुटगार्टला थेट आयसीई, म्हणजे तिकडची लांब पल्ल्याची जलद गाडी, सव्वा तासात नेते. स्वस्तातलं तिकीट काढलंत तर ते त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं, आणि फ्लाईट लेट झाली की बोंबला. त्या दिवसापुरतं महागातलं, कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट काढा. अजून एक, तिकीट म्हणजे सीट नाही. वेटिंग लिस्ट, आरएसी काही प्रकार नाही, तिकीट सगळ्यांना मिळतं, सीटचं रिझर्व्हेशन वेगळे पैसे देऊन. ते नसेल तर सीटच्या वर किंवा बाजूला छोट्या पट्टीवर कुठून कुठपर्यंत बुक आहे ते लिहिलेलं असतं, जिथे काही लिहिलं नसेल तिथे बसा.

आणि जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात ही अफवा कोणी पसरवली माहीत नाही. २०२४ साली डॉइचे बानच्या, म्हणजे तिकडच्या रेल्वेच्या, लांबच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि त्यांच्या हिशोबात सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरतच नाहीत. आपली सेंट्रल लाईन आठवून जरा बरं वाटेल. फरक एवढाच की तासभर लेट झाली तर २५ टक्के आणि दोन तास झाली तर ५० टक्के पैसे परत मागता येतात, फॉर्म भरून. बघा, परत फॉर्म.

पायरी ३: घर, आणि दारावरचं नाव

जाहिरातीत दोन भाडी दिसतात, काल्ट आणि वार्म. काल्ट म्हणजे नुसत्या भिंतींचं, वार्ममध्ये हीटिंग, पाणी, मेंटेनन्स धरलेला, आणि विजेचं बिल बहुतेक वेळा त्याच्याही बाहेर. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं, कायद्याने त्याहून जास्त मागता येत नाही, आणि तीन हप्त्यांत द्यायचा हक्क तुम्हाला आहे. घर न दाखवता "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरियर करतो" म्हणणारा भेटला तर तो चोर समजा, मुंबईत जेवढी अक्कल वापरतो तेवढी तिकडेही वापरायची.

रिकामं घर म्हणजे खरंच रिकामं हां. कित्येक घरांत किचन नसतं, म्हणजे ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून दोन नळ्या बाहेर आलेल्या आणि बास, आधीचा भाडेकरू सगळं उचलून घेऊन गेलेला असतो. जाहिरातीत किचन आहे असं लिहिलंय का ते बघूनच पुढे जा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे पत्ता म्हणजे बी विंग, ३०२, अमुक सोसायटी, तमुक बँकेच्या मागे. तिकडे फ्लॅट नंबर नसतोच बहुतेक ठिकाणी. रस्ता, घर नंबर, आणि तुमचं आडनाव. खाली बेलची पाटी असते, त्यावर सगळ्यांची आडनावं, लेटरबॉक्सवर तीच. तुमचं आडनाव तिथे नसेल तर पोस्टमनच्या दृष्टीने तुम्ही त्या घरात राहतच नाही, आणि पत्र परत जातं. आणि तिकडे तर सगळं पत्रानेच येतं, बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन दुसऱ्या पाकिटात दोन दिवसांनी, इन्शुरन्सचं कार्ड, टॅक्स नंबर, सगळं. त्यामुळे सामान नंतर उघडा, आधी कागदावर ठळक अक्षरांत आडनाव लिहून बेलला आणि बॉक्सला सेलोटेपने चिकटवा, पक्की पाटी घरमालक लावेल तेव्हा लावेल. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. मित्राकडे उतरला असाल तर त्याच्या नावाखाली तुमचं.

खिडकीची मूठ नीट बघून ठेवा. खाली केली की बंद, आडवी केली की दारासारखी उघडते, आणि वर केली की खिडकी वरून थोडी आत कलते, पहिल्यांदा बघताना निखळून अंगावर पडतेय असं वाटतं, पडत नाही. थंडीत दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, हीटर बंद करून. बाहेर शून्य डिग्री असताना हे ऐकून हसू येतं पण आपण भात शिजवतो, कुकर लावतो, कपडे घरात वाळवतो, ती सगळी वाफ भिंतीत बसते आणि काळी बुरशी धरते, मग घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापतात. हीटरच्या नॉबवर १ ते ५ आकडे असतात, ३ म्हणजे साधारण २० डिग्री, ५ केल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त बिल तापतं.

खोल्यांत स्मोक अलार्म असतोच, कायद्याने लावावा लागतो. लाल मिरचीची फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, एवढंच सांगते.

पायरी ४: आनमेल्डुंग

नवीन घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत सरकार दरबारी नाव नोंदवायचं, याला आनमेल्डुंग म्हणतात, आणि हे झाल्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. पासपोर्ट, फॉर्म, आणि घरमालकाने सही केलेला तुम्ही इथे राहायला आलात असा कागद. हा घरमालकाचा कागद चावी घेतानाच मागून घ्या. अपॉइंटमेंट, तिकडे टर्मिन, ती मुंबईत असतानाच ऑनलाईन बघायला लागा कारण मोठ्या शहरांत लवकर मिळत नाहीत.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. आपल्या वसई-वांद्र्याच्या ख्रिश्चन मंडळींनी हा जरा विचार करून भरावा, कारण कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं की इन्कम टॅक्सच्या वर चर्च टॅक्स लागतो, स्टुटगार्टच्या राज्यात आणि बव्हेरियात टॅक्सच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९.

नोंद झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो आणि त्याच्या मागोमाग रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र, महिन्याला १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही म्हणून चालत नाही, दर घरामागे एक द्यायचाच, चार मुलं एका फ्लॅटमध्ये राहत असाल तर चौघांत मिळून एकच.

पायरी ५: जिन्याची पाळी आणि कचरा

ही स्टुटगार्टची खासियत. एक दिवस दाराबाहेर पाटी लटकलेली दिसेल, त्यावर केरवोखे लिहिलेलं असेल. घाबरू नका, तुमची झाडू-पोछ्याची पाळी आलीय. आपल्या मजल्याचा जिना आठवड्यातून झाडून ओल्या फडक्याने पुसायचा, मोठी पाळी असेल तर तळघर, मेन दार, समोरचा फुटपाथ, आणि हिवाळ्यात पहाटे उठून बर्फ. झालं की पाटी शेजारच्याच्या दाराला. महापालिकेने सक्तीचा नियम १९८८ सालीच काढून टाकला, पण भाड्याच्या ॲग्रीमेंटमध्ये अजून असतो, आणि शेजारच्या आजी ॲग्रीमेंटपेक्षा कडक असतात. सोसायटीचा झाडूवाला आला नाही म्हणून ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या आपल्या लोकांना सुरुवातीला हे फार लागतं, साहेब इंजिनियर आणि हातात पोछा. मला विचाराल तर शेजाऱ्यांशी ओळख करून घ्यायचा याच्याइतका सोपा रस्ता दुसरा नाही. शनिवारी सकाळी लोकांना दिसेल असा पुसा, आपोआप हसून बोलायला लागतात.

कचऱ्याचं ओला-सुका आपल्याला आता माहीत आहे, तिकडे त्याची पुढची इयत्ता. भाजीपाल्याचा वेगळा, कागद वेगळा, पॅकिंगचं प्लॅस्टिक-डबे पिवळ्यात, उरलेला वेगळा. रंग शहराशहरात बदलतात, डब्याच्या झाकणावर चित्रं असतात ती बघा. ओला कचरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाकू नका, वर्तमानपत्रात गुंडाळा. काचेच्या बाटल्या-बरण्या रस्त्यावरच्या मोठ्या कंटेनरमध्ये, पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी वेगवेगळ्या, आणि त्यासुद्धा रविवारी किंवा रात्री नाही टाकायच्या, खळ्ळकन आवाज होतो ना.

आवाजाचं तर असं की रात्री १० ते सकाळी ६ शांतता आणि रविवार पूर्ण दिवस शांतता. ड्रिल मशीन रविवारी काढलंत तर पंधरा मिनिटांत बेल वाजेल. कुकरच्या शिट्टीबद्दलही एखादा शेजारी विचारतो, त्याला आत बोलावून दाखवा, एकदा कळलं की पुन्हा विचारत नाही.

पायरी ६: दुकान आणि पैसे

रविवारी दुकानं बंद. सगळी. पहिल्या रविवारी बाहेर पडाल तर कर्फ्यू लागल्यासारखं वाटेल. सकाळी काही बेकऱ्या दोन-चार तास उघडतात, आणि मोठ्या स्टेशनमधली दुकानं चालू असतात, दूध संपलं तर तिकडे पळा. सणाच्या सुट्टीलाही तेच. म्हणजे शनिवारी संध्याकाळी फ्रीज उघडून बघायची सवय लावा, खाली जाऊन अर्धा लिटर आणतो हा प्रकार नाही.

सुपरमार्केटच्या ट्रॉलीला एक युरोचं नाणं लागतं, परत लावली की नाणं परत. काउंटरवर सामान पट्ट्यावर ठेवलं की मागे एक दांडी ठेवा म्हणजे तुमचं आणि मागच्याचं वेगळं राहतं. कॅशियरबाई सामान असं सरकवते की तुम्ही पहिली पिशवी उघडेपर्यंत तिने टोटल सांगितलेली असते आणि मागचा माणूस घसा साफ करतो. शहाणी माणसं सगळं परत ट्रॉलीत ढकलतात, पैसे देतात आणि बाजूला जाऊन निवांत भरतात. पिशवी घरून न्यायची, प्लॅस्टिकच्या हँडलवाल्या पिशव्या २०२२पासून बंद आहेत.

प्लॅस्टिकची पाण्याची बाटली, कॅन यावर २५ सेंट जास्तीचे घेतात, बिअरच्या नेहमीच्या काचेच्या बाटलीवर ८. रिकामी बाटली न चेपता दुकानातल्या मशीनमध्ये टाकायची, चिठ्ठी येते, ती बिलातून वजा होते. नळाचं पाणी पिण्याचंच आहे, विकत घ्यायची गरज नाही. हॉटेलात नुसतं पाणी मागितलंत तर सोड्यासारखं फसफसणारं येतं आणि त्याचे पैसे लागतात, म्हणून स्टिल म्हणा.

जीपे विसरा. खिशात ५०-६० युरो कॅश ठेवा, छोट्या बेकऱ्या, बाजार, काही हॉटेलं अजून रोखीवरच चालतात. स्टेशनवरच्या टॉयलेटलाही नाणं लागतं, आणि आतमध्ये जेट स्प्रे नसतो, पुढचं तुमचं तुम्ही समजा, पर्समध्ये छोटी बाटली असू द्या.

खाण्याचं म्हणाल तर तुर्की दुकान शोधा. कोथिंबीर, भेंडी, मिरच्या, डाळी इंडियन स्टोअरपेक्षा बऱ्याचदा स्वस्त, आणि तिथलं दहा टक्के फॅटचं दही म्हणजे आपलं घट्ट कवडीचं. आणि ज्यांना श्रीखंडाचा जीव आहे त्यांनी क्वार्क नावाचा डबा घ्यायचा, साखर, वेलची, केशर घालून फेटायचं, चक्का टांगायची भानगडच नाही. साधा जर्मन ४०५ नंबरचा आटा म्हणजे मैदा, त्याच्या पोळ्या वातड होतात, पोळ्यांचं पीठ इंडियन स्टोअरमधूनच आणा.

पायरी ७: रस्ता, ट्राम, सायकल

गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं, मान उलटी वळायला वेळ लागतो. झेब्रावर गाडी खरोखर थांबते. आपला माणूस तिथे हात दाखवून "जा जा तू जा" करतो आणि ड्रायव्हर आतून "तू जा" करतो, दोघं उभे. तुम्ही जा. पण सिग्नलचा लाल माणूस असेल तर रिकाम्या रस्त्यावरही थांबा, दंड पाचच युरो आहे पण शेजारी लहान मूल उभं असेल तर त्याची आई जे सुनावते ते पाच युरोत बसत नाही. फुटपाथचा लाल किंवा रेघ मारलेला भाग सायकलींचा, तिथे मोबाईल बघत उभं राहिलात तर घंटी वाजेलच.

स्टेशनला गेट नाही, तिकीट बघणारं कोणी दिसत नाही, म्हणून फुकट समजू नका. साध्या कपड्यातले टीसी मध्येच उठून कार्ड दाखवतात, विदाऊट तिकीट ६० युरो, आणि नवीन आहे हे कारण चालत नाही. रोज फिरायचं असेल तर डॉइचलांड तिकीट घ्या, मे २०२३ला ४९ युरोला सुरू झालं, जानेवारी २०२६पासून ६३ झालंय, देशभरातल्या लोकल, ट्राम, बस, रीजनल गाड्या सगळं त्यात, आयसीई सोडून. दर महिन्याला आपोआप रिन्यू होतं, बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत.

डब्यात चढताना बटण दाबा, दार आपोआप उघडेलच असं नाही. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्यायचं, आणि दोन स्टेशनं आधीपासून दाराशी "उतरना है क्या" करायची गरज नाही. फोनवर हळू बोला. डब्यात आपलाच आवाज घुमतोय हे जरा उशिरा लक्षात येतं.

पायरी ८: आजारी पडलात तर

ताप-सर्दीला आधी फॅमिली डॉक्टर, तोही फोन करून. संध्याकाळी, शनिवार-रविवारी ११६११७, जीवावरचं असेल तर ११२, पोलीस ११०. केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही, तुमच्या नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांच्या प्रिस्क्रिप्शनसकट न्या. रविवारी सगळे केमिस्ट बंद असले तरी भागात एक चालू असतो, कुठला ते प्रत्येक केमिस्टच्या दारावर लिहिलेलं असतं.

पायरी ९: माणसं

डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये शिरताना, लिफ्टमध्ये, छोट्या दुकानात, अनोळखी लोकांनाही नमस्कार करायचा, स्टुटगार्टकडे ग्र्यूस गॉट म्हणतात. मग सगळे गप्प. तुम्हीही गप्प. समोरचा स्वतः सांगत नाही तोवर अहो-जाहो. कोणाच्या घरी असंच डोकावायचं नाही, आठवडाभर आधी ठरतं, आणि साडेसहा म्हणजे साडेसहा, गाड्या लेट असल्या तरी माणसांना ती सवलत नाही.

वाढदिवस आदल्या दिवशी विश करू नका, अपशकुन मानतात. आणि ज्याचा वाढदिवस त्यानेच ऑफिसला केक न्यायचा, वाट बघत बसाल तर कोणी आणणार नाही. हॉटेलात बिलाच्या वेळी वेटर एकत्र की वेगळं विचारतो, तिथे "अरे मी देतो, मी देतो" करून हात ओढू नका, ते खरंच घाबरतात. वेगळं सांगा, आपलं द्या, पाच-दहा टक्के टिप धरून पैसे देतानाच पूर्ण आकडा सांगा, टेबलावर नाणी ठेवून जायची पद्धत नाही.

हिवाळ्यात साडेचारला अंधार पडतो आणि त्या वेळी घरची फार आठवण येते, तर फोन त्याच सुमाराला लावा. मुंबईत तेव्हा नऊ वाजलेले असतात, जेवणं चाललेली असतात. उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. त्या आठवड्यात आईला आधी सांगून ठेवा, नाहीतर तासभर फोन आला नाही म्हणून ती मला फोन करते.